मुंबईच्या नभोवाणीचे धनी

मुंबईच्या नभोवाणी केंद्राचा इतिहास बहुधा गायक-वादकांच्या, निवेदकांच्या आणि गाजलेल्या कार्यक्रमांच्या आठवणींतून सांगितला जातो, आणि ज्या संस्थेने कित्येक पिढ्यांचे कान घडविले तिच्याबाबतीत असे व्हावे हे स्वाभाविकच आहे. परंतु त्या केंद्राचे दप्तर उलगडून पाहिले असता असे दिसते की, त्याच्या स्वरूपात जे जे मोठे फेरफार घडले त्यांतील पुष्कळसे त्याची मालकी एका हातातून दुसऱ्या हातात गेल्यामुळे घडले, आणि प्रत्येक धन्याने त्या एकाच यंत्राकडून निराळीच अपेक्षा बाळगली.

आरंभी या विद्येला धनीच नव्हता. होते ते केवळ हौशी उपासक. ऑगस्ट 1921 मध्ये गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या विनंतीवरून 'टाइम्स ऑफ इंडिया'ने डाक-तार खात्याच्या सहकार्याने आपल्या मुंबईच्या कचेरीतून संगीताचा एक खास कार्यक्रम प्रक्षेपित केला व गव्हर्नरसाहेबांनी तो पुण्यात बसून ऐकला. त्यानंतर दोन वर्षांनी, जून 1923 मध्ये, बॉम्बे रेडिओ क्लबने आपला पहिला कार्यक्रम प्रक्षेपित केला. वर्गणीवर चालणाऱ्या या मंडळीपाशी उत्साह विपुल होता. नव्हते ते भांडवल, आणि दररोज अखंड कार्यक्रम चालविण्याचे सामर्थ्य तर मुळीच नव्हते.

ते भांडवल घेऊन पुढे आली इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी. सर इब्राहिम रहिमतुल्ला यांच्या अध्यक्षतेखालील या खासगी कंपनीने सरकारशी करार करून सनद मिळविली, आणि 23 जुलै 1927 रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते मुंबई केंद्राचे उद्घाटन झाले; कलकत्त्याचे केंद्र त्यानंतर महिन्याभराने निघाले. कंपनीचे मंजूर भागभांडवल 15 लाखांचे असले तरी प्रत्यक्ष जमा झाले ते 6 लाख, आणि त्यांपैकी साडेचार लाख दोन केंद्रांच्या उभारणीतच खर्ची पडले. दीड किलोवॉटच्या प्रक्षेपकाचा आवाज जेमतेम 30 मैलांपर्यंत स्वच्छ पोहोचे, म्हणजे कोकणातल्या आणि देशावरच्या लक्षावधी लोकांना मुंबईत असे काही केंद्र आहे याचा पत्ताही लागण्याचे कारण नव्हते.

कंपनीचा हिशेब ज्या गृहीतावर उभा होता तेच डळमळीत होते. श्रोत्याने वर्षाला 10 रुपये भरून परवाना घ्यावा, त्यातील 8 रुपये सरकारने कंपनीस द्यावेत, आणि आयात होणाऱ्या यंत्रांवरील लागतीची त्यात भर पडावी, अशी योजना होती. परंतु 1929 अखेर साऱ्या हिंदुस्थानात परवाने होते केवळ 7,775, म्हणजे परवान्यांपासून वर्षाची प्राप्ती सुमारे 62 हजार, आणि इकडे मासिक खर्च 33 हजारांवरून काटकसरीने 24 हजारांवर आणला तरी वर्षाकाठी पावणेतीन लाखांच्या वरच जाई. परवाना न काढता चोरून ऐकणारेही पुष्कळ होते व त्यांना आवर घालील असा पुरेसा कायदा नव्हता. परिणामी उण्यापुऱ्या तीन वर्षांच्या आत, 1 मार्च 1930 रोजी, कंपनीचे दिवाळे निघाले.

1 एप्रिल 1930 पासून सरकारने दोन्ही केंद्रे आपल्या ताब्यात घेऊन उद्योग व मजूर खात्याकडे सोपविली, तरी हा दुसरा धनी मनापासून धनी झाला होता असे म्हणता येत नाही. जागतिक मंदीने खजिना आटला, आणि ऑक्टोबर 1931 मध्ये ही सेवा बंद करण्याचा हुकूम सुटला. या प्रसंगाला मी या इतिहासात सर्वांत अधिक महत्त्व देतो. कंपनी बुडाली तेव्हा भागधारकांचे नुकसान झाले. सेवा बंद होणार म्हटल्यावर मात्र ओरड केली ती श्रोत्यांनी, यंत्रे विकणाऱ्या व्यापाऱ्यांनी आणि कलावंतांनी, विशेषतः बंगालमध्ये, आणि तीही इतक्या जोराने की 23 नोव्हेंबर 1931 रोजी सरकारला आपला हुकूम मागे घ्यावा लागला. मे 1932 मध्ये ही सेवा सरकारी व्यवस्थेखाली चालू ठेवण्याचे ठरले, आयात यंत्रांवरील जकात वाढविण्यात आली, आणि 1934 च्या आरंभापासून विनापरवाना यंत्र बाळगणे हा गुन्हा ठरला. मूठभर परवानाधारकांच्या हट्टाने मुंबईचे केंद्र वाचले.

1935 च्या ऑगस्टमध्ये बीबीसीतून आलेल्या लायोनेल फील्डन यांनी या सेवेची सूत्रे घेतली आणि 8 जून 1936 रोजी तिला 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव मिळाले. 1938 मध्ये मुंबईत 10 किलोवॉटचा लघुलहरी प्रक्षेपक बसला व केंद्राचा आवाज प्रथमच दूरवर ऐकू जाऊ लागला. परंतु पल्ला वाढला तसा सरकारचा पहाराही वाढला, आणि युद्धकाळात तर केंद्र हे राज्यकर्त्यांचे मुखच बनले. म्हणूनच 'छोडो भारत'च्या घोषणेनंतर उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 27 ऑगस्ट 1942 पासून याच मुंबईत जागा बदलत बदलत 'काँग्रेस रेडिओ' चालविला आणि 12 नोव्हेंबरला पोलिसांनी छापा घालून त्यांना पकडीपर्यंत तो चालू ठेवला. जनतेच्या नावाने बोलण्याचा अधिकार सनदेने मिळत नाही, हे त्या तरुणांनी कारावास पत्करून सिद्ध केले.

स्वातंत्र्याने धनी बदलला; खाते मात्र तेच राहिले. मूळचे पुण्याचे डॉ. बा. वि. केसकर 1952 ते 1962 या काळात नभोवाणीमंत्री होते. शास्त्रीय संगीताविषयीच्या उत्कट निष्ठेपायी त्यांनी चित्रपटगीतांना जवळजवळ दार बंद केले, तेव्हा श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले, आणि अखेर 3 ऑक्टोबर 1957 रोजी 'विविध भारती' सुरू करावी लागली. त्याच सरकारी छत्राखाली मुंबई केंद्राने 'वनिता मंडळ', 'कामगार सभा' आणि 'पुन्हा प्रपंच' यांसारखे कार्यक्रम दिले व चाळीतल्या घराघरांत त्याला आप्ताचे स्थान प्राप्त झाले, हेही तितक्याच आदराने नमूद केले पाहिजे; नफ्याकडे डोळे लावून बसलेल्या कंपनीने गिरणीकामगारासाठी रोजची घटका राखून ठेवली असती असे मला वाटत नाही. 1 नोव्हेंबर 1967 पासून मुंबई-पुणे-नागपूर येथे विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या आणि व्यापाराला पुन्हा प्रवेश मिळाला. 1993 मध्ये मुंबईच्या एफएम वाहिनीवरील काही वेळ खासगी संस्थांना मक्त्याने देण्यात आला.

मालकीच्या या दीर्घ वादाचा निवाडा 9 फेब्रुवारी 1995 रोजी झाला. न्यायमूर्ती पी. बी. सावंत ज्यात होते त्या सर्वोच्च न्यायालयाच्या पीठाने असा निर्णय दिला की, रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे व तिचा विनियोग लोकहितासाठीच झाला पाहिजे. 1997 च्या नोव्हेंबरात आकाशवाणी 'प्रसार भारती' या स्वायत्त महामंडळाकडे गेली, आणि नव्या शतकाच्या प्रारंभी मुंबईत खासगी एफएम केंद्रे उभी राहिली. स्वतःची वार्तापत्रे देण्याची मोकळीक मात्र त्यांना मिळाली नाही.

न्यायालयाने जे तत्त्व शब्दांत मांडले ते 1931 च्या श्रोत्यांनी चौसष्ट वर्षे आधी कृतीने मांडले होते, आणि त्यांच्या हाती 10 रुपयांच्या पावतीपलीकडे दुसरा कोणताही दस्तऐवज नव्हता. आज ती पावतीही नाही, कारण परवान्याची पद्धतच कधीच रद्द झाली. आणि पैसा भरणारा जो अधिकाराने विचारतो ते फुकट ऐकणारा विचारीत नाही. मुंबई केंद्राच्या मराठी कार्यक्रमांचा वेळ किती, त्यांवर खर्च किती, जुन्या ध्वनिमुद्रणांची निगा कोण राखतो, हे प्रश्न मराठी श्रोत्याने सातत्याने विचारले पाहिजेत, कारण वहिवाट न ठेवलेली मालकी कागदावर कितीही पक्की असली तरी प्रत्यक्षात ती दुसऱ्याच्याच कब्जात जाते.