सहा आणि चौदा यांच्या मधले वय

आईबाप दोघेही दिवसभर कामावर गेलेले असताना मिसरूड फुटू लागलेल्या मुलावर नजर कोणी ठेवावी, हा प्रश्न आजच्या नोकरदार कुटुंबांचा म्हणून ओळखला जात असला, तरी सोलापुरास तो नवा नाही. १८७७ साली मोरारजी गोकुळदास यांची कापडगिरणी, म्हणजे पुढे लोकांच्या तोंडी रुळलेली ‘जुनी गिरणी’, सुरू झाली आणि दुष्काळाने खेड्यांतून उठलेली माणसे तिच्या दरवाजाशी येऊन उभी राहू लागली, तेव्हापासून तो या शहराच्या पाठीमागे लागलेला आहे.

त्यापूर्वीही मुले होती आणि कामही होते, पण निगराणी नावाचे वेगळे काम नव्हते. तेलंगणातून येऊन वसलेल्या पद्मशाली विणकराच्या घरी बाप मागाच्या खड्ड्यात पाय सोडून धोटा फेकीत असे, आई रहाटावर कांड्या भरीत असे आणि बारा-तेरा वर्षांचा मुलगा त्या दोघांच्या मधोमध, दोघांच्या हाकेच्या टप्प्यात, सुताची गुंतवळ सोडवीत बसलेला असे. मुलगा बिघडेल म्हणून त्याच्यावर पहारा बसवावा अशी कल्पनाच त्या घरात संभवत नव्हती. ज्याचे हात गुंतले आहेत त्याच्या पायांची चिंता कोण करील?

गिरणीने घर आणि काम यांची फारकत केली खरी, पण मुलाची आणि कामाची फारकत तिने आरंभी केली नाही. १८८१च्या फॅक्टरी कायद्याने सात वर्षांखालील मुलांना मज्जाव करून सात ते बारा वयाच्या मुलांना नऊ तासांची मर्यादा घातली. १८९१ साली हे वय नऊ ते चौदा आणि तास सात झाले. १९२२ साली बारा ते पंधरा आणि तास सहा. १९३४ साली तास पाचच उरले, आणि पंधरा ते सतरा वर्षांच्या किशोरास प्रौढाप्रमाणे राबवावयाचे तर डॉक्टरचा लायकीचा दाखला व त्या दाखल्याचा हवाला देणारा बिल्ला त्याच्यापाशी असणे सक्तीचे झाले. म्हणजे बाप साचेखात्यात, आई बाबिणी भरण्याच्या खात्यात आणि मुलगा सूतखात्यात, अशी तिघांची हजेरी एकाच आवारात लागे. मुलगा नजरेआड होत नसे, हे खरे; पण ही सोय होती असे ज्यास वाटत असेल त्याने वैशाखातल्या सोलापुरी उन्हात, अंगावर कापसाची पुसी झेलीत, सूतखात्यात तासभर उभे राहून पाहावे.

पुढे कायद्याने मुलास बाहेर काढले, आणि ते रास्तच केले. १९३४च्या कायद्याने पन्नासांहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यात सहा वर्षांच्या आतील मुलांसाठी खोली ठेवावयास भाग पाडण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांस दिला. १९४८च्या कायद्याने ते पाळणाघर बंधनकारक केले आणि चौदा वर्षांखालील मुलास कारखान्याची दारे सर्वस्वी बंद केली. सहापर्यंतचे मूल कायद्याने आईजवळ ठेवले आणि पंधराव्या वर्षापासूनचा किशोर दाखला पाहून आत घेतला. मधल्या मुलाने शाळा सुटल्यावर कोठे जावे याविषयी मात्र कायदा मौन राहिला. स्त्रियांना रात्रपाळीची मनाई असल्यामुळे आई दिवसा गिरणीतच असे. बाप रात्रपाळीला असला म्हणजे दिवसा घरी असे, परंतु तोंडावर धोतराचे टोक ओढून झोपलेला. पहारेकरीच निजलेला असे म्हणा ना! मग मुलगा चाळीतल्या म्हातारीच्या हवाली, विणकरांच्या पूर्वभागात असला तर एखाद्या अव्वाच्या, म्हणजे तेलुगू आजीच्या, हवाली. आणि तिचा कायदा एकच असे, भोंगा वाजण्यापूर्वी उंबऱ्याच्या आत.

मधल्या वयाच्या मुलाकडे सरकारने पाहिलेच नाही असेही नाही. सोलापुरात गुन्हेगार ठरविलेल्या जमातींची तारेच्या कुंपणातील वसाहत होती. स्टार्ट नावाचे अधिकारी मुंबई इलाख्यातील अशा वसाहतींचे प्रमुख होते, सोलापूरच्या वसाहतीची व्यवस्था अमेरिकन मराठी मिशनकडे सोपविलेली होती, आणि कुंपणातील माणसे हजेरी देऊन गिरण्यांत कामास जात. १९२४च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अशा जमातींची मुले आईबापांपासून तोडून सुधारशाळांत ठेवण्याचा अधिकार सरकारास दिला होता आणि त्यासाठी ‘मूल’ म्हणजे सहा ते अठरा वर्षांची व्यक्ती अशी व्याख्या केली होती. जे वय फॅक्टरी कायद्यास दिसले नाही ते या कायद्यास बिनचूक दिसले, पण दिसले ते संशयित म्हणून! आईबाप कामावर गेले म्हणून मुलास कोणीतरी हवे, ही गरज एकीकडे. आईबाप जवळ आहेत म्हणूनच मुलास धोका, ही धारणा दुसरीकडे. आणि दोहोंना एकच सरकारी शब्द, ‘देखरेख’. १९५२ साली हा कायदा देशभर रद्द झाला.

सोलापूरच्या बायकांनी मात्र या प्रश्नाचा निकाल आपल्यापुरता लावून टाकला. शहरातील हजारो स्त्रिया विडी कंपनीच्या शाखेतून पाने, तंबाखू आणि दोरा घेऊन घरी येतात, पाने भिजवितात, पत्र्याच्या मापाने कातरतात आणि मांडीवर सूप घेऊन उंबऱ्यालगत बसतात. गिरणीत मिळाले असते त्याहून कमी मजुरीचे, पाठ मोडणारे आणि छातीत तंबाखूची धूळ भरणारे हे काम त्यांनी का पत्करले, याची कारणे अर्थशास्त्री अनेक देतील. मला त्यांतले एक कारण त्या बसण्याच्या जागेत दिसते, कारण उंबऱ्यावरून बोळाचे तोंड दिसते आणि हात न थांबविता हाक मारता येते. त्यांच्या घरातील तंबाखूची धूळ त्याच मुलाच्या छातीतही जाते, आणि पुष्कळदा दोरा बांधावयास तोच बसतो. मागाच्या खड्ड्यापाशी बसणारा मुलगा शंभर वर्षांनी पुन्हा तेथेच येऊन बसला आहे.

गिरण्यांची धुराडी थंड झाली, कायदे पुन्हा लिहिले गेले. कामगारांच्या सुरक्षिततेविषयीच्या २०२०च्या संहितेतही पाळणाघराची वयोमर्यादा सहा वर्षांचीच आहे.