चुंबकप्रवाही द्रव

तेलासारख्या वाहक द्रवात लोखंडाचे सूक्ष्म कण मिसळून केलेले व चुंबकीय क्षेत्रात ठेवताच घट्ट होणारे मिश्रण. क्षेत्र नसताना ते साधारण द्रवाप्रमाणे वाहते. क्षेत्र लावल्यास प्रत्येक कण तात्पुरता चुंबक बनतो आणि क्षेत्ररेषांच्या दिशेने कणांच्या साखळ्या तयार होतात. या साखळ्या तुटतील एवढे प्रतिबल लावेपर्यंत मिश्रण घन पदार्थासारखे वागते. हा बदल काही मिलिसेकंदांत घडतो व क्षेत्र नाहीसे होताच मिश्रण पुन्हा पातळ होते.

या परिणामाचा व्यावहारिक उपयोग प्रथम जेकब राबिनोव (१९१०–९९) यांनी केला. खारकॉव्ह (युक्रेन) येथे जन्मलेले राबिनोव १९२१ मध्ये अमेरिकेत आले व १९३८ पासून वॉशिंग्टन येथील नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्‌स या संस्थेत काम करू लागले. विद्युत् क्षेत्राने घट्ट होणाऱ्या द्रवांचे एकस्व विलिस विन्स्लो यांना १९४७ साली मिळाले होते. परंतु त्यांना हजारो व्होल्ट दाब लागे व मिळणारे बल अल्प असे. राबिनोव यांनी विद्युत् क्षेत्राऐवजी चुंबकीय क्षेत्र वापरले. नऊ भाग कार्बोनिल लोहाची पूड व एक भाग (वजनी) सिलिकोन तेल, खनिज तेल किंवा केरोसीन असे त्यांचे मिश्रण होते. १९४८ मध्ये त्यांनी त्यावर चालणाऱ्या क्लचचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यातील दोन तबकड्या एकमेकींस मुळीच टेकत नसत. मधल्या फटीतील मिश्रण वेटोळ्यातील विद्युत् प्रवाहाने घट्ट झाले की एकीचे भ्रमण दुसरीस मिळे. अशा मिश्रणाच्या आधारावर एका तरुणीस हवेत लटकत ठेवल्याचे छायाचित्रही त्या काळी प्रसिद्ध झाले होते.

प्रारंभीचा उत्साह मात्र थोड्याच वर्षांत ओसरला आणि पुढे सु. चाळीस वर्षे हा विषय जवळजवळ बाजूस पडला. याचे कारण बलाची कमतरता हे नव्हते. राबिनोव यांची मिश्रणे बलाच्या दृष्टीने आजच्या मिश्रणांच्या तोडीची होती. उणीव होती ती टिकाऊपणाची. लोखंड तेलाहून कित्येक पट जड असल्याने यंत्र बंद असताना कण तळाशी बसत व त्यांचा गोळा पुन्हा सहज मोकळा होत नसे. कणांमुळे यंत्राचे भाग व गळतीरोधक कडी झिजत. दीर्घ वापरानंतर कणांचे पृष्ठभाग झडून त्यांचा अतिसूक्ष्म चुरा तेलात मिसळे व मिश्रणाचा लगदा बने. हा शेवटचा दोष विशेष फसवा होय, कारण प्रयोगशाळेतील थोड्या वेळाच्या चाचणीत तो दिसतच नाही. शिवाय मिलिसेकंदात बदलणाऱ्या द्रवाचा फायदा घ्यावयाचा, तर तितक्याच जलद निर्णय घेणारे नियंत्रकही हवे. ते स्वस्तात मिळू लागले सूक्ष्मप्रक्रियक आल्यानंतर.

मधल्या काळात, १९६३ साली, नासाचे स्टीव्हन पॅपेल यांनी चुंबकीय द्रव तयार केला. तो याहून वेगळा आहे. त्यातील कण सु. १० नॅनोमीटर असून औष्णिक गतीमुळे ते तळाशी बसत नाहीत, पण तीव्र क्षेत्रातही तो द्रव घन बनत नाही. चुंबकप्रवाही द्रवातील कण १ ते १० मायक्रोमीटर, म्हणजे शेकडो पट मोठे असतात. त्यांचे बल व त्यांची अडचण या दोन्हींचे मूळ या आकारातच आहे.

१९९० नंतर लॉर्ड कॉर्पोरेशन या अमेरिकन कंपनीने कणांचे गोळे होऊ न देणारी समावेशके वापरून ही मिश्रणे टिकाऊ बनविली. व्यायामयंत्रांचे ब्रेक व मालमोटारींच्या चालकांची आसने हे त्यांचे पहिले व्यापारी उपयोग होत. २००२ मध्ये कॅडिलॅक मोटारगाडीत असे धक्काशोषक आले. त्याच सुमारास चीनमधील दोंगथिंग सरोवरावरील पुलाच्या तारांची वाऱ्यापावसातील कंपने रोखण्यासाठी ते बसविण्यात आले. बेलारूसमधील मिन्स्क येथील संशोधनातून भिंगांना झिलई देण्याची पद्धती निघाली. तीत फिरत्या चाकावर घट्ट झालेला द्रवच अपघर्षकाचे काम करतो आणि भिंग घासताना तो सतत नवा होत राहतो.