ताक्यावरची तिकिटे

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मँचेस्टरहून मुंबई बंदरात उतरलेल्या कापडाच्या गाठी फोडल्या म्हणजे आतील ताक्यांच्या दर्शनी घडीवर तळहाताएवढे रंगीत चित्र डकवलेले दिसे. त्यात कधी कमलासनावरील लक्ष्मी, कधी अंबारीचा हत्ती, कधी मुरली वाजविणारा कृष्ण, आणि सभोवार सोनेरी वेलबुट्टीची महिरप. व्यापारी त्याला तिकीट म्हणत. मांजरपाट घ्यावयास आलेल्या कुणब्याला गिरणीचे नाव ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तो 'हत्ती छाप दाखवा' म्हणे, आणि दुकानदाराने दुसऱ्या छापाचे तितकेच चांगले कापड पुढे केले तरी मान हलवून पुढच्या दुकानाची वाट धरी.

ही चित्रे शिळाछापावर निघत. प्रत्येक रंगास स्वतंत्र दगड, प्रत्येक दगडाची स्वतंत्र छपाई, आणि अखेरीस सोनेरी चूर्णाचा हात, असा तो खटाटोप असे. आणि तो करणारे विलायती कारागीर बहुधा गणपतीच्या सोंडेपलीकडे त्याच्याविषयी काही जाणत नसत. इकडे पुण्यास 1878 साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने चित्रशाळा निघाली, 1894 साली राजा रविवर्म्याचा छापखाना मुंबईत सुरू होऊन पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस गेला, आणि या तसबिरींतील देवदेवता घरोघरच्या भिंतींवरून तिकिटांवरही अवतरू लागल्या. ताका विकला गेल्यावर तिकीट हलक्या हाताने सोडवून भिंतीस लावण्याची हौस पुष्कळ घरांत होती. कापड विरले तरी त्याची जाहिरात घरात राहावी, याहून अधिक विक्रेत्याने काय मागावे!

परंतु या चित्राने हमी कशाची दिली होती? तिकीट पुष्कळदा गिरणीचे नसून माल पाठविणाऱ्या पेढीचे असे. रॅली ब्रदर्ससारखी पेढी कापड कोठूनही विणवून घेई आणि त्यावर छाप आपला लावी. शिवाय 1861 ते 1865 या अमेरिकन यादवीच्या काळात कापूस महागला, तेव्हा लँकेशायरने सुतात खळीबरोबर चिनी माती भरून वजन राखण्याची जी विद्या आत्मसात केली, ती कापूस पुन्हा स्वस्त झाल्यावरही सोडली नाही. दुकानात भरगच्च लागणारे कापड पहिल्या धुण्यात जाळीसारखे विरळ होई, आणि या संपूर्ण व्यवहारात लक्ष्मी मात्र पूर्ववत हसतमुख असे.

लबाडीचा दुसरा मार्ग मापाचा. ताक्यावर लिहिलेले वार आत भरतच नसत, अशा तक्रारी वाढल्यावर सरकारने 1889 सालचा चौथा कायदा करून परदेशी आणि कारखान्यांत निघालेल्या देशी ताक्यांवर खरी लांबी प्रमाणित वारांत उमटविणे सक्तीचे केले. कायदा हितकारकच होता. तथापि तो आकडा इंग्रजी अंकांत असावा असे त्याच कायद्याचे फर्मान होते. म्हणजे चित्र, जे कुणब्यास वाचता येत होते, ते कशाचीच जबाबदारी घेत नव्हते. आणि आकडा, जो जबाबदारी घेत होता, तो त्यास वाचता येत नव्हता. आमच्या मते लेबलांच्या पुढील इतिहासाचे मर्म यातच आहे.

व्यापाऱ्यांचे हक्क मात्र जपले गेले. लोकप्रिय हत्तीशेजारी अनुकरणाचा दुसरा हत्ती उभा राहिला की मामला कज्जेदलालीवर जाई. नोंदणीचा कायदा होण्यापूर्वीच मुंबईच्या गिरणीमालक संघाने छापांची नोंद आपल्या दफ्तरी ठेवण्याचा प्रघात पाडला, आणि 1940 साली व्यापारचिन्हांचा स्वतंत्र कायदाही झाला. मध्यंतरी स्वदेशीच्या चळवळीने तिकिटांवर भारतमाता आणि चरखा आणला. 1905 च्या ऑक्टोबरात पुण्यास परदेशी कापडाची होळी झाली. तीत तिकिटांवरचे किती देव जळाले असतील, याचा हिशेब अर्थातच कोणी ठेवला नाही.

ग्राहकास वाचता येईल अशा अक्षरांचा प्रश्न मात्र मागे पडला. आज बंद पाकिटावरील वजन, किंमत व उत्पादकाचे नाव यांस 2011 चे आवेष्टित वस्तूंचे नियम लागू आहेत. त्यांनुसार हा मजकूर देवनागरीतील हिंदीत अथवा इंग्रजीत देणे सक्तीचे असून मराठी घालावयाची ती उत्पादकाने स्वखुशीने घालावयाची आहे.