७. रानात सोडलेला बोकड

पाहा : जुना करार, लेवीय, अध्याय १६. यहुद्यांच्या वार्षिक प्रायश्चित्तदिनी दोन बोकड आणून चिठ्ठ्या टाकत. एकाचा बळी देऊन महायाजक त्याचे रक्त पडद्याआडच्या परमपवित्रस्थानात शिंपडी; दुसऱ्याच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवून साऱ्या लोकांची पापे कबूल करी आणि एका माणसाबरोबर त्याला जिवंत रानात धाडी. येथे ‘पापे वाहून नेणारा’ म्हटले आहे तो हा दुसरा. त्याला मारण्याची आज्ञा लेवीयात नाही. इ.स. ७० मध्ये रोमनांनी यरुशलेमचे मंदिर पाडले आणि तेथील बळी थांबले. नव्या करारातील ‘इब्री लोकांस पत्र’ ख्रिस्ताला याजक व बळी असे दोन्ही मानते. त्याचे एकदाच झालेले मरण पुरेसे, दरवर्षी नवा बळी नको. त्या मरणाने पापक्षालन नेमके कसे होते यावर मात्र ख्रिस्ती पंडितांचे एकमत नाही. कँटरबरीचा ॲन्सेल्म (मृत्यू ११०९) म्हणतो, देवाच्या मानाचे माणसाने थकवलेले देणे फिटले. १६व्या शतकातील सुधारकांचा भर पाप्याची शिक्षा ख्रिस्ताने भोगली यावर. प्रस्तुत लेखकाने दोन्ही मते एकाच वाक्यात कोंबली आहेत.