विस्मरणात गेलेला मार : सबड्युरल रक्तस्रावाचा इतिहास

एखाद्या घरातील आजी न्हाणीघरात पाय घसरून पडतात. डोक्याला टेंगूळ येते, दोन दिवसांत उतरते. तीन-चार आठवड्यांनी त्यांची चाल अडखळू लागते, नावे आठवेनाशी होतात. घरचे म्हणतात, "वय झालं." पडल्याचे कोणाच्याच लक्षात नसते. याच विस्मरणाने वैद्यकशास्त्रालाही दीर्घकाळ चकवले.

प्रथम आजार समजून घेऊ. वाढत्या वयात मेंदू थोडा आकसतो. त्यामुळे मेंदूपासून त्याच्या जाड बाह्य आवरणाकडे, म्हणजे ड्युराकडे, जाणाऱ्या शिरा ताणल्या जातात आणि हलक्या धक्क्यानेही फाटू शकतात. रक्त सावकाश साचते व मेंदूवर दाब येतो. हाच क्रॉनिक सबड्युरल हिमॅटोमा.

१८५७ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ फिरखो यांनी साचलेल्या रक्ताभोवतीच्या पडद्यांचे वर्णन केले आणि आवरणाचा दाह हे त्याचे कारण सांगितले. १९१४ मध्ये लंडनचे शल्यचिकित्सक विल्फ्रेड ट्रॉटर यांनी मूळ कारण डोक्याचा मार आणि फाटलेल्या शिरा हेच असल्याचे मांडले. म्हणजे योग्य कारणापर्यंत पोहोचायला अर्धशतकाहून अधिक काळ गेला.

तरीही जिवंत माणसाच्या कवटीतील रक्त थेट दिसत नव्हते. ती अडचण एका इंजिनिअरने सोडवली. गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या सीटी स्कॅनरवर १ ऑक्टोबर १९७१ रोजी पहिल्या रुग्णाच्या मेंदूची तपासणी झाली. १९७९ चे नोबेल त्यांना ॲलन कॉर्मॅक यांच्यासह मिळाले.

उपचार तुलनेने सोपा आहे. कवटीला लहान छिद्रे पाडून पातळ झालेले रक्त बाहेर काढतात. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या केंब्रिजच्या चाचणीत, शस्त्रक्रियेनंतर निचऱ्याची नळी ठेवल्याने रक्त पुन्हा साचून शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रमाण २४ टक्क्यांवरून सुमारे ९ टक्क्यांवर आले.

गंमत म्हणजे फिरखो पूर्ण चुकलेही नव्हते. सुरुवात मारानेच होते. पण पुढे पडद्यातील नव्या, नाजूक रक्तवाहिन्या झिरपत राहतात आणि दाह त्यात भर घालतो. म्हणून आता त्या पडद्याला रक्त पुरवणारी धमनी आतून बंद करण्याचा उपचारही वापरात येत आहे. २०२४ मध्ये त्याच्या मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

तेव्हा घरातील वृद्ध व्यक्ती काही आठवड्यांतच बदललेली दिसली, तर "वय झालं" म्हणण्याआधी विचारा : "गेल्या दोन-तीन महिन्यांत कुठे पडला होतात का?" रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर अधिकच आवर्जून विचारा. उत्तर "आठवत नाही" असे आले, तरी डॉक्टरांकडे न्या.