खुरपं, पाचट आणि रुथ स्टाऊटबाई



गेल्या पावसाळ्यात परसातल्या तणाने मला हरवलं. चार वाफे, भेंडी, गवार, दोडका, थोड्या मिरच्या, एवढाच काय तो माझा पसारा. पण आषाढात आठ दिवस पाऊस लागून राहिला आणि भेंडीच्या रोपांपेक्षा केना, माठ आणि लव्हाळाच उंच झाला. पूर्वी मी सकाळी तासभर खुरपं घेऊन बसत असे. आता गुडघे उकिडवं बसू देत नाहीत. बागेत मदतीला येणारा मुलगा म्हणाला, "काकू, तणनाशक मारू का? दोन दिवसांत साफ." मी त्याला थांबवलं खरं, पण दुसरा उपाय माझ्याकडे तरी कुठे होता?

उपाय शोधता शोधता मी वाचत गेले आणि एका बाईपाशी येऊन थांबले. आज तिचीच गोष्ट सांगते.

रुथ स्टाऊट १८८४ साली अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात जन्मली. घर क्वेकर पंथाचं, म्हणजे साधी राहणी आणि युद्धाला विरोध मानणारं. पुढे रहस्यकथांसाठी प्रसिद्ध झालेला रेक्स स्टाऊट हा तिचा धाकटा भाऊ. सोळा वर्षांची असताना कॅरी नेशन या दारूबंदीवाल्या बाईंबरोबर ती टोपेका शहरात दारूचे गुत्ते फोडायला गेली होती! आपल्याकडे गावोगावी बाटली आडवी करणाऱ्या बायका आठवल्या मला. पुढे न्यूयॉर्कला जाऊन तिने मुलं सांभाळली, टेलिफोन ऑपरेटरचं काम केलं, हिशेबनीस म्हणून वह्या लिहिल्या, चहाचं छोटं दुकानही चालवलं. १९२३ साली क्वेकर मंडळींबरोबर ती रशियात दुष्काळग्रस्तांच्या मदतीला गेली. हिशेबनीस होती हे वाचून मला ती आपल्यातलीच वाटली. मीही बी.कॉम. करून आयुष्यभर घराची जमाखर्चाची वहीच लिहिली आहे.

१९२९ मध्ये तिने लग्न केलं आणि पुढच्या वर्षी नवरा-बायको कनेक्टिकट राज्यातल्या रेडिंग गावी शेतघरात राहायला गेले. तिथे तिने भाजीपाला सुरू केला, तो चारचौघांसारखाच. वसंत आला की नांगरवाल्याची वाट बघायची, मग बी पेरायचं, मग उन्हाळाभर तण काढायचं. नांगरवाला कधीच वेळेवर येत नसे. (हे वाचून हसू आलं. नांगरवाले आणि गवंडी सगळ्या देशांत सारखेच.) अशी चौदा वर्षं गेली.

१९४४ च्या वसंतात ती अशीच खोळंबून बसली होती. तिचं लक्ष ॲस्परॅगसच्या वाफ्याकडे गेलं. ही आपल्या शतावरीच्या कुळातली भाजी, एकदा लावली की वर्षानुवर्षं येते. तिच्यासाठी कोणी नांगरत नाही, तरी ती आपली वर आलेली. मग बाकीच्या भाज्यांनाच नांगर कशाला हवा? तिने शेजारचा पालापाचोळा बाजूला सारला, तर खालची माती मऊ आणि ओली. तिने तिथेच बी टाकलं. त्या दिवसापासून नांगर बंद झाला. पुढे कुदळ आणि खुरपंही सुटलं.

तिची रीत अगदी सोपी. जनावरांच्या उपयोगाचं न राहिलेलं खराब गवत, पेंढा, झाडाचा पाला, भाज्यांची देठं, जे मिळेल ते जमिनीवर आठ इंच जाडीने पसरायचं आणि बारा महिने तसंच ठेवायचं. कुजून खाली बसलं की वरून नवीन टाकायचं. तण डोकावलं तर त्याच्यावर आणखी एक पेंढी. बटाटेसुद्धा ती खणून पुरत नसे. जमिनीवर ठेवायची आणि वरून गवत टाकायची. बटाटे आपल्या कामाचे नाहीत, पण युक्ती पाहा. पिकाला नत्र कमी पडू नये म्हणून सरकीची किंवा सोयाबीनची पेंड घालायची. १९५५ साली, सत्तरी ओलांडल्यावर, तिचं पहिलं बागकामाचं पुस्तक आलं. कंबर न मोडता बाग कशी करावी, हाच त्याचा विषय. १९८० मध्ये शहाण्णव वर्षांची होऊन ती गेली. नव्वदीतही ती आपली भाजी पिकवत होती.

ही कल्पना तिची एकटीची नव्हती. कॅनरी बेटांपैकी लान्झारोटे बेटावर १७३० ते १७३६ अशी सहा वर्षं ज्वालामुखी उसळत होता. शेतं काळ्या राखेखाली गेली. पण त्या राखेखाली ओल टिकते हे शेतकऱ्यांच्या ध्यानात आलं आणि आजही तिथे राखेतल्या खड्ड्यांत द्राक्षवेली वाढतात. हवाई बेटांवर १९१४ च्या सुमारास एकार्ट नावाच्या साखर-मळ्याच्या व्यवस्थापकाने उसावर डांबरी कागद अंथरला. उसाचा टोकदार कोंब कागद भोकसून वर येई, तण खालीच गुदमरे. पुढे तिथल्या अननसाच्या मळ्यांनी हा कागद उचलला. आज शेतात दिसणारं काळं प्लॅस्टिक त्याच कागदाचा वारस. १९४३ साली एडवर्ड फॉकनर यांनी तर नांगरालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणारं पुस्तक लिहिलं आणि ते खूप गाजलं. आधीच्याच दशकात अमेरिकेच्या मधल्या प्रांतांतली नांगरलेली माती वाऱ्याने उडून गेलेली लोकांनी पाहिली होती. जपानात मासानोबू फुकुओका भाताचा पेंढा बार्लीवर आणि बार्लीचा भातावर पसरत राहिले. त्यांचं पुस्तक १९७५ साली आलं. आपल्या अमरावती जिल्ह्यातले सुभाष पाळेकर यांच्या नैसर्गिक शेतीच्या चार खांबांत जीवामृत, बीजामृत आणि वाफसा यांच्याबरोबर आच्छादन आहेच.

पण इतिहासाने कौल दिला तो दुसरीकडे. १९४५ साली, स्टाऊटबाईंच्या प्रयोगानंतर वर्षभरातच, टू-फोर-डी हे तणनाशक अमेरिकेच्या बाजारात आलं. बाटली विकता येते. पडलेला पाला कोण कोणाला विकणार? वाणिज्य शिकलेल्या बाईला हे लगेच कळतं.

झाकलं की तण का येत नाही? १९५२ साली मेरीलँडमधल्या बेल्ट्सव्हिल इथल्या शास्त्रज्ञांनी लेट्यूसच्या बियांवर प्रयोग केले. लाल प्रकाश मिळाला की बी जागं होई. पाठोपाठ त्याच्याही पलीकडचा, डोळ्यांना जेमतेम दिसणारा अतिलाल प्रकाश दिला की पुन्हा झोपी जाई. कितीतरी बारीक तणांची बीजं अशीच उजेडाची वाट बघत मातीत पडून असतात. आपण खुरपतो, खणतो, तेव्हा आजचं तण काढतो आणि उद्याच्या तणाला उजेड दाखवतो. म्हणजे इतकी वर्षं मी खुरप्याने पेरणीच करत होते!

हे वाचताना मला माहेरचा मळा आठवला. वारणेकाठी आमचा ऊस. ऊस तुटून गेला की फडात पाचट पडलेलं असे आणि संध्याकाळी ते पेटवून देत. लहानपणी आम्ही तो जाळ कौतुकाने बघायचो. एकदा आजी म्हणाली, "किती जीव गेले असतील गं त्यात," आणि आत निघून गेली. कोणी काही बोललं नाही, कारण दुसरा मार्ग माहीत नव्हता. आज त्याच मळ्यात माझा भाचा पाचट जाळत नाही, सरीत दाबतो. त्यानेच मला दोन पोती आणून दिली.

दिवाळीनंतर मी सुरुवात केली. एकदाच सगळं तण काढून घेतलं, पाच-सहा पदरी वर्तमानपत्र अंथरलं, भिजवलं आणि वर चार बोटं पाचट. रोपाच्या बुंध्याभोवती वीतभर जागा मोकळी ठेवली, नाहीतर बुंधा कुजतो. बी पेरलेली ओळ उगवेपर्यंत उघडीच ठेवायची. केना आणि माठ जवळजवळ संपले. पाणी एक दिवसाआड पुरू लागलं. लव्हाळा मात्र कागद फोडून वर आला. त्याला अजून हातानेच काढते. एका वाफ्यावर मी पाचटाऐवजी गवत टाकलं. त्यात बी होतं, त्यामुळे नवीनच तण उगवलं. स्टाऊटबाईंना लोक हेच विचारत, आणि त्यांचं उत्तर ठरलेलं असे, थर वाढवा. कोरड्या कोपऱ्यात वाळवी दिसली, म्हणून तिथला थर काढून टाकला.

आता मनातली खरी अडचण. पाचटाखाली ओल राहते आणि ओलीत जीव होतात. गांडुळं, गोगलगायी, बारीक किडे. मग मी हिंसा कमी केली की वाढवली? भगवान आदिनाथांनी असि, मसि, कृषी ही कर्मं लोकांना शिकवली असं आपण पुराणात वाचतो. घरसंसारातल्या आरंभी हिंसेतून गृहस्थाची सुटका नाही, यत्नाचार तेवढा आपल्या हाती. मी वहीत दोन रकाने पाडले. एकीकडे खणणं, खुरप्याखाली तुटणारी गांडुळं, तणनाशक, पाचटाचा जाळ. दुसरीकडे झाकल्यावर उजेडावाचून मरणारं तण आणि पाचटाखाली राहायला येणारे जीव, ज्यांच्यावर चुकून पाय पडू शकतो. दुसरा रकाना कोरा नाही, हे मी लपवत नाही. पण तो लहान आहे. म्हणून आता थर हलवायचा तर सकाळी उजेडात, हळू हाताने, आणि वाफ्यांमध्ये फरशीचे तुकडे टाकलेत, त्यांच्यावरच पाय ठेवते.

येत्या पावसाळ्यात थर पातळ, दोन बोटंच ठेवणार आहे, म्हणजे गोगलगायी कमी होतील. तुमच्या अंगणात पाला पडत असेल तर तो पेटवू नका. एका वाफ्यावर पसरून बघा. खुरपं मी अजून फेकलेलं नाही, लव्हाळ्यासाठी ठेवलंय. पण गुडघे मात्र या वर्षी कुरकुरले नाहीत.