संकेत-अनुसरण, उपग्रह दिशादर्शन ग्राहीतील

उपग्रहाकडून आलेल्या संकेताशी ग्राहीने स्वतः निर्माण केलेली संकेतमालिका सतत जुळती ठेवण्याची क्रिया. जीपीएसच्या मूळ नागरी संकेतात १,०२३ चिपांची (द्विमान घटकांची) मालिका दर मिलिसेकंदाला पुन्हा येते. एक चिप म्हणजे सुमारे २९३ मी. अंतर. ग्राही मालिकेची एक प्रत किंचित आधी व दुसरी किंचित नंतर ठेवते आणि दोहोंच्या सहसंबंधांतील फरकावरून वेळेची चूक सुधारते.

या दोन प्रतींत पूर्वी सामान्यतः एका चिपचे अंतर असे. ते एक दशांश चिपवर आणले, तर दोन्हींतील गोंगाट जवळपास सारखाच राहतो व वजाबाकीत बराचसा नाहीसा होतो. व्हॅन डिरेंडॉन्क, फेंटन व फोर्ड यांनी १९९२ मध्ये केलेली ही मांडणी या क्षेत्रातील सर्वांत देखण्या कल्पनांपैकी एक होय. उपग्रहात काहीही न बदलता तिने अचूकता वाढवली. इमारतींवरून परावर्तित होणाऱ्या संकेतांचा उपद्रवही तिने घटतो, पण अगदी जवळच्या पृष्ठभागांवरून येणारे परावर्तन टिकून राहते. शिवाय ग्राहीची पट्टरुंदी वाढवावी लागते, अन्यथा सहसंबंधाचे शिखर बोथट होते.

हा संकेत वाहून नेणाऱ्या एल१ या वाहक लहरीची लांबी केवळ १९ सेंमी. असल्याने तिच्या अनुसरणाची जोड मालिकेच्या अनुसरणाला दिल्यास गोंगाट आणखी गाळता येतो.